गोळ्या आणि गोळे

मधुमेह एका माणसाला होतो असा डॉक्टर लोकांचा समज आहे. खरं तर तो घराला होतो. एकाच्या रक्तात साखर सापडली की त्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, धडधाकट माणसांच्या चहाकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागतं, आणि ज्यांनी आजवर आपल्याला मुंजीचंसुद्धा आमंत्रण दिलं नाही असे लोक कारल्याच्या रसाचं प्रमाण सांगायला घरी येतात. एक जण मेथ्या भिजवायला सांगतो, दुसरा जांभळाच्या बिया वाळवायला सांगतो, तिसरा पहाटे दवावरून अनवाणी चालायला सांगतो. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, पायाला झालेली जखम त्याला कळत नाही आणि भरतही नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत असतात. पण डॉक्टर बोलूनचालून फी घेणारा माणूस. फुकट सल्ल्याची गोडी त्याच्या सल्ल्याला कुठून येणार? आणि गोडी हाच शब्द आता घरात वर्ज्य.

आमच्या घरी हा पाहुणा आला तो माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या पानावर. दादा एका कंपनीच्या फोर्टातल्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. आयुष्यभर टोकदार पेन्सिलीने रेघा मारल्यामुळे त्याचं खाणंही रेखीव. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे, भाताची मूद अशी की कंपास लावून घ्यावी. ठाण्याला आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. रविवारची पंगत मात्र त्याच्याकडे. आम्ही कायस्थ प्रभू. आमचा रविवार उजाडतो तोच मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत. उरलेले सहा दिवस रविवारची वाट पाहण्यासाठी असतात.

दादाला मधुमेह निघाला आणि वहिनींनी घरात लष्करी कायदा पुकारला. भात बंद, बटाटा बंद, पाव बंद, आंबा तर परराष्ट्राचा नागरिक. दादाने कशालाच विरोध केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. दादाने काय केलं, तर आपलं पान वेगळं काढायला सांगितलं. संध्याकाळी सातला तो एकटा बसायचा. ताटात उकडलेलं, किसलेलं, चिरलेलं असं काहीतरी. साडेसातला हात धुऊन वर्तमानपत्र उघडून बसायचा. आम्ही साडेआठला जेवायला बसलो की वर्तमानपत्राच्या पलीकडून त्याचा आवाज यायचा, "चालू द्या तुमचं."

हे 'चालू द्या' फार वाईट. रविवारी समोर मटण असूनसुद्धा आमचा घास घशाशी अडायचा. वहिनींनी तर दादाला आवडणारे पदार्थच करणं सोडून दिलं. त्यात पहिली गदा आली ती खिम्याच्या गोळ्यांवर.

या गोळ्यांना आमच्या घराण्यात इतिहास आहे. ते आमच्या आईचे. लहानपणी आम्ही घरात नऊ माणसं आणि रविवारचं मटण अर्धा किलो. हे गणित शाळेतल्या कोणत्याही मास्तरांना सुटलं नसतं. आई ते पावाने सोडवायची. आदल्या दिवशीचे पाव पाण्यात भिजवायचे, पिळून घ्यायचे आणि खिम्यात मळायचे. अर्ध्या किलोचे गोळे पाऊण किलोचे व्हायचे. वर रस्सा पातळ करायला मुंबईच्या तलावांचं पाणी होतंच. मोठं झाल्यावर वाचनात आलं की यात शास्त्रही आहे. खिमा तापला की त्यातली प्रथिनं आवळून येतात आणि धरलेलं पाणी बाहेर टाकतात. मग गोळा होतो गोटीसारखा. मध्ये भिजलेला पाव असला की तो पाणी धरून ठेवतो, प्रथिनांना एकमेकांच्या फार जवळ येऊ देत नाही, आणि गोळा मऊ राहतो. आईला प्रथिनं ठाऊक नव्हती. माणसं नऊ आहेत एवढं ठाऊक होतं. ती स्वतःच्या पानात गोळा घ्यायची तो सगळ्यात शेवटचा, आणि त्यात बहुतेक पावच असायचा.

मराठी भाषेनेसुद्धा गोळ्यावर फार माया केली आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो, उन्हाळ्यात हातात बर्फाचा गोळा येतो, हिशेबाच्या शेवटी गोळाबेरीज येते, आणि माणसं जमली की ती गोळा झाली असं आपण म्हणतो. आईच्या गोळ्यांनी माणसं गोळा व्हायची हे मी कोटी म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतो. दादाला मधुमेह झाल्यापासून मात्र घरात गोळे गेले आणि गोळ्या आल्या. सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन.

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी दादाला सांगितलं, "कर्बोदकं कमी करा. ब्रेडच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कर्बोदकांचा असतो, बेसनाचा अर्ध्याहून जास्त. मटणात ती नसतात म्हटलं तरी चालेल. पण एक लक्षात ठेवा. गोळ्या चालू असताना आपल्या मनाने जेवण तोडायचं नाही. साखर चढली तर हळूहळू त्रास देते, पण एकदम उतरली तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. काय बदलायचं ते आधी मला सांगा, मी गोळ्यांचं बघतो."

आमच्या इमारतीत याबाबत अधिकारी पुरुष भरपूर. डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणारे चार अनुयायी आमच्याकडे आहेत. पैकी दोघे चौपन्नाव्या मिनिटाला जिलबी खातात. डॉक्टर दीक्षितांनी तसं सांगितलेलं नाही, पण अनुयायांच्या बाबतीत कोणत्या गुरूचं काय चाललं आहे?

बरं, कर्बोदकं तोडायची ही कल्पना आजकालची असं समजू नका. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. धंदा अंत्यविधीचा, गिऱ्हाईक थेट राजघराणं. दुसऱ्यांच्या शवपेट्या मोजता मोजता त्यांना स्वतःच्या मापाची काळजी वाटू लागली असावी. कारण ते इतके लठ्ठ झाले होते की जिना उतरताना उलटे, पाठमोरे उतरायचे. शेवटी हार्वे नावाच्या डॉक्टरांनी त्यांचा पाव, साखर, बटाटे, दूध आणि बिअर तोडली, आणि बँटिंगसाहेब झडले. त्या आनंदात त्यांनी १८६३ साली लठ्ठपणावर एक पुस्तिका लिहिली. ती एवढी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणे' हा वाक्प्रचारच झाला, आणि स्वीडनच्या भाषेत आजही जेवण आवरण्याला 'बांटा' म्हणतात. पुढे १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन शोधणाऱ्यांत जे पुढे होते त्यांचं आडनावही बँटिंगच, फ्रेडरिक बँटिंग. म्हणजे एका बँटिंगने पाव काढून घेतला आणि दुसऱ्याने सुई दिली. त्यांतल्या पहिल्याचा धंदा काय होता हे मी दादाला सांगितलं नाही.

अशा परिस्थितीत गेल्या डिसेंबरात दादाचे चिरंजीव न्यू जर्सीहून सहकुटुंब सुट्टीवर आले. तिकडे त्याच्या परसात बार्बेक्यूची शेगडी आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घरोघरचे पुरुष एप्रन लावून त्या शेगडीपुढे उभे राहतात. वर्षभर जे चहासुद्धा करत नाहीत त्यांना उघड्यावर विस्तव दिसला की एकदम स्वयंपाक येऊ लागतो. बापाचं सातचं ताट त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "रविवारी गच्चीवर ग्रिल. लो-कार्ब मीटबॉल्स. बाबांसकट सगळे तेच खाणार."

"म्हणजे काय रे?" वहिनींनी विचारलं.

"खिम्याचे गोळे. पण पाव नाही."

"पाव नाही तर धरून काय ठेवणार? माझं कपाळ?"

यावर त्याने बॅगेतून एक देखणी पिशवी काढली. वर गव्हाच्या लोंब्यांसारखं काहीतरी चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'सिलियम हस्क'. तिकडे ज्यांनी पाव सोडला आहे त्यांचा हा मोठा आधार. चमचाभर घातलं की स्वतःच्या कितीतरी पट पाणी शोषून घेतं, चिकट होतं आणि गोळा धरून ठेवतं. शिवाय जवळजवळ सगळा चोथा, त्यामुळे साखर वाढायचा प्रश्न नाही. वहिनींनी पिशवी उघडली, चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

"अरे मेल्या, हे इसबगोल!"

इसबगोलच होतं. वहिनींनी चष्मा लावून पिशवीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली, तर माल हिंदुस्थानातलाच. जगातलं सगळ्यात जास्त इसबगोल आपल्याकडे पिकतं, आणि गुजरातेतल्या उंझ्याची त्याची बाजारपेठ नावाजलेली. म्हणजे आपल्याकडचं इसबगोल सातासमुद्रापार गेलं, तिकडे नवं नाव आणि नवा अंगरखा घेऊन डॉलरमध्ये विकलं गेलं, आणि विमानाने ठाण्याला परत आलं. आमच्या चिरंजीवांचंही साधारण तसंच झालेलं आहे, पण ते असो.

"हे घालून गोळे केलेस," वहिनी म्हणाल्या, "तर रविवारी रात्री संडासापुढे रांग लागेल. भाऊजी, तुम्हीच सांगा याला."

मी काही सांगायच्या आत त्याने दुसरी पुडी काढली. तीत जवसाचं पीठ निघालं. तिसरीत बदामाचं. जवसाची चटणी आमच्याकडे पिढ्यानपिढ्या होते आहे, तिला कुणी पत्र लिहूनसुद्धा विचारलं नव्हतं. आता ती अमेरिकेत कर्बोदकं कमी म्हणून मानाला चढली. बदामाचं पीठ मात्र पाहून वहिनींचा हात छातीशी गेला. "एवढ्या बदामाचा मी शिरा केला असता," त्या म्हणाल्या, आणि मग शिरा कुणासाठी हे आठवून गप्प झाल्या.

त्या शांततेत वर्तमानपत्राच्या पलीकडून आवाज आला. 'चालू द्या' नव्हतं ते.

"शीगवाला पाव घालत नाही."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. ही घटना आमच्या घरात दुर्मिळ.

"रमजानच्या दिवसांत ऑफिस सुटल्यावर मी मोहम्मद अली रोडवरून चालत जायचो," दादा म्हणाला. "शीगवाला खिमा शीगेवर लावतो, शीग निखाऱ्यावर फिरवतो. खाली आधार नाही, तवा नाही. मग खिमा पडत का नाही? मी अर्धा अर्धा तास उभा राहून बघितलंय. तो आधी मीठ घालतो आणि मग खिमा मळ मळ मळतो, परातीत आपटतो. शेवटी खिमा त्याच्या हाताला चिकटायला लागतो. चिकटला की झालं. इसबगोल नको आणि बदाम नको."

चिरंजीवांनी फोनमध्ये डोकं घातलं आणि दोन मिनिटांनी मान्य केलं की बाबा म्हणतात ते बरोबर आहे. मीठ मांसातल्या प्रथिनांना विरघळवून बाहेर आणतं, मळल्याने ती एकमेकांत गुंततात, आणि शेकल्यावर तीच घट्ट होऊन सगळं धरून ठेवतात. जे शीगवाल्याने हाताने ओळखलं आणि दादाने रस्त्यात उभं राहून टिपलं, त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

आता दिवस ठरवायचा. न्यू जर्सीत दिवस हवामान पाहून ठरतो, आमच्याकडे कालनिर्णय पाहून. मार्गशीर्ष होता, त्यामुळे गुरुवार गेला. मंगळवारी संकष्टी. शनिवारी वहिनींचा मारुती. उरला रविवार, जो चिरंजीवांनी आधीच सांगितला होता. पण घरातल्या निर्णयाला पंचांगाची सही लागते.

मग गच्ची. आमच्या सोसायटीच्या नियमाप्रमाणे गच्चीवर विस्तव पेटवायला बंदी आहे. अपवाद धार्मिक कार्याचा. चिरंजीवांनी इंग्रजीत लांबलचक अर्ज लिहिला, त्यात 'फायर सेफ्टी' हा शब्द चार वेळा होता. त्यामुळे सेक्रेटरी जास्तच घाबरले. अखेर दादाने आपल्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात चार ओळी खरडल्या: 'कौटुंबिक कार्य. अल्प अग्नी. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी.' खाली रेघ मारून गच्चीचा नकाशा काढला, शेगडीची जागा, वाऱ्याची दिशा आणि टाकीपासूनचं अंतर दाखवलं. एवढा सुबक नकाशा सोसायटीच्या दप्तरात इमारतीचासुद्धा नसेल. परवानगी मिळाली. "पण मी तपासणीला येणार," सेक्रेटरी म्हणाले.

शेगडी चिरंजीवांनी घरबसल्या मागवली. खोक्यातून काळी, गोल, तीन पायांची आणि घुमटासारख्या झाकणाची वस्तू निघाली. वहिनींनी तिला लगेच 'हंडा' म्हणायला सुरुवात केली. या आकाराची जन्मकथा मोठी गमतीची आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स नावाच्या धातूच्या कारखान्यात समुद्रात तरंगणारे लोखंडी बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांची परसातली उघडी शेगडी वाऱ्याने आणि पावसाने सतावत होती. त्यांनी १९५२ साली एका बोयाचे दोन भाग केले, खालच्यात कोळसा आणि वरच्याचं झाकण. झालं. माणसाला समुद्रात वाट दाखवणारी वस्तू परसात आली. आणि उघड्यावर मांस शेकणं हे अमेरिकेचं देणं आहे असं चिरंजीवांनी समजू नये म्हणून मी त्याला सांगितलं की कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ सालच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, आणि मराठीचे फार जुने नमुनेही त्याच ग्रंथात सापडतात. म्हणजे आपली मायमराठी आणि भाजलेलं मटण एकाच पंगतीला बसलेली आहेत. हे ऐकून चिरंजीव म्हणाला, "काका, कोळशाची पिशवी धरा जरा."

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात दादा स्वतः आला. किती वर्षांनी, ते खाटकालाच आठवत होतं. "खांद्याचं घे," दादा त्याला म्हणाला, "आणि चरबी काढून टाकू नकोस. दोनदा काढ खिमा." चरबीचं महत्त्व इथे फार. पाव नसला की गोळ्याला ओलावा देणारी तीच एक उरते. पाच भागांत एक भाग चरबी असली की गोळा कोरडा पडत नाही. दीड किलो घेतला. आईचा अर्धा किलो पावाच्या जोरावर नऊ जणांना पुरायचा. पाव काढला की तिप्पट मटण लागलं. पथ्य हा श्रीमंतांचा खेळ आहे हे मला बिल देताना कळलं.

दुपारी परात मांडली. किलोला अडीच लहान चमचे या हिशेबाने मीठ. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण, हळद, तिखट, गरम मसाला. कांदा अगदी बारीक चिरून फडक्यात पिळून घेतलेला, कारण कांद्याचं पाणी खिम्यात उतरलं की गोळ्याला जाळीवर आपली जागा राखता येत नाही. वहिनी मळायला बसणार तोच दादा म्हणाला, "मी मळतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात या माणसाने परातीला हात लावला नव्हता. दादाने बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि मळायला सुरुवात केली. पाच मिनिटं मळलं. दहा मिनिटं मळलं. मग खिमा उचलून परातीत आपटू लागला. खालच्या मजल्यावरून निरोप आला की सगळं ठीक आहे ना. हळूहळू खिम्याचा दाणा दिसेनासा झाला, त्याला तकाकी आली, आणि तो दादाच्या तळव्याला धरून राहू लागला. दादाने हात उलटा केला. खिमा पडला नाही.

"बघ," तो वहिनींना म्हणाला. बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दात काय नव्हतं! इतकी वर्षं ताटात काय नाही हेच या माणसाला सांगितलं जात होतं.

हाताला तेल लावून त्याने लिंबाएवढे गोळे वळले आणि प्रत्येक किंचित दाबला, जाळीवरून गडगडू नये म्हणून. एकूण छत्तीस. सगळे एका मापाचे. अर्धा तास ते फ्रीजमध्ये राहिले, म्हणजे चरबी गोठते आणि गोळा अंग धरतो.

संध्याकाळी गच्चीवर चिरंजीव एप्रन लावून उभा राहिला. कोळसा पेटेना. त्याने कागद जाळले, खोका जाळला, सूचनांचं पुस्तक जाळलं. शेवटी वहिनींनी त्याला बाजूला सारून नारळाच्या शेंड्या आणि कापराच्या दोन वड्या ठेवल्या, आणि पदर खोचून हातपंख्याने वारा घातला. दहा मिनिटांत निखारे फुलले. ते एका बाजूला लोटायचे आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची हे मात्र चिरंजीवाचं ज्ञान, आणि ते उपयोगी पडलं. चरबी निखाऱ्यावर गळली की भडका उडतो. तेव्हा गोळा सरकवायला थंड जागा हवी.

पहिला गोळा त्याने जाळी पुरती तापायच्या आतच ठेवला आणि अर्ध्या मिनिटात उलटायला गेला. अर्धा जाळीला राहिला, अर्धा निखाऱ्यात गेला. अग्नये स्वाहा. अर्जात 'कौटुंबिक कार्य' लिहिलं होतं ते असं खरं झालं.

"थांब," दादा म्हणाला आणि चिमटा हातात घेतला. "जाळी तापू दे. तेल पूस. आणि ठेवल्यावर हात लावू नकोस. खालून खरपूस झाला की तो आपणच सुटतो. सुटत नसेल तर त्याची वेळ झालेली नाही."

गोळे चरचरू लागले. वासाने गच्चीच्या दारात माणसं दिसू लागली. दहा-बारा मिनिटांनी चिरंजीवाने खिशातून सुईसारखा थर्मामीटर काढून एका गोळ्यात खुपसला. खिमा काढताना वरचे जंतू आतपर्यंत जातात, म्हणून तो मध्यापर्यंत शिजला पाहिजे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने त्यासाठी ७१ अंश सेल्सियस ठरवून दिले आहेत. आकडा बहात्तर आला. "ताप आहे," दादा म्हणाला. "उतरवा."

ताटं मांडली. पाव वर आणायचा नाही असं वहिनींचं फर्मान होतं, त्यामुळे सगळ्यांच्या पानात तेच: गोळे, काकडीची कोशिंबीर, पुदिन्याची चटणी, लिंबाची फोड. दादाचं ताट कुठलं हे ओळखायला काही खूणच नव्हती. वहिनींनी सवयीने एक पान बाजूला ठेवलं होतं, ते त्यांनी मुकाट्याने ओळीत सरकवलं.

तेवढ्यात सेक्रेटरी तपासणीला आले. पाण्याच्या बादल्या पाहिल्या, नकाशाशी अंतर ताडून पाहिलं, आणि रेंगाळले. "बसा," दादा म्हणाला. "नको हो, मला पथ्य आहे," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "शुगर." दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं परदेशात आपल्या गावचा माणूस भेटावा. "मग बसाच," तो म्हणाला. "हे तुमच्यासाठीच आहे."

दादा, वहिनी, चिरंजीव, सूनबाई, त्यांची दोन मुलं, मी, आमची सौ. आणि सेक्रेटरी. मी मोजलं तर नऊ.

गोळे आईच्यासारखे होते का? नव्हते. ते मऊ असायचे, हे जरा दाताला लागत होते. आणि त्या रश्श्याची सर धुराला कुठून येणार? पण बाहेरून खरपूस, आत रसदार आणि मटणाची चव अशी की लहानपणी ती पावाच्या आडून ओझरती दिसायची, आज समोर येऊन बसली. दादाने तीन खाल्ले. चौथ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी तो स्वतःच्या हाताने त्याच्या पानात वाढला.

दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. डॉक्टरांनी आखून दिलेल्या रेषेच्या आत होती. आमचं मात्र असं झालं की साडेदहाला मी आणि सौ. स्वयंपाकघरात उभ्याने दोन दोन पोळ्या साखरांब्याशी खात होतो. निरोगी माणसाच्या हालअपेष्टांकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष नाही.

तीन महिन्यांनी दादाचा सरासरीचा आकडा थोडा खाली आला आणि डॉक्टरांनी रात्रीच्या दोन गोळ्यांतली एक अर्धी केली. श्रेय कुणाचं याबद्दल घरात एकमत नाही. चिरंजीव न्यू जर्सीहून फोनवर शेगडीला देतो, वहिनी आपल्या लष्करी कायद्याला देतात, डॉक्टर औषधाला देतात, आणि मेथ्यावाले गृहस्थ अजून मेथ्यांना देतात. दादा कुणालाच देत नाही. तो मळत असतो. रविवारी सातचं ताट आता बंद झालं आहे. साडेआठला सगळे गच्चीवर. सेक्रेटरीही दर रविवारी न चुकता तपासणीला येतात. नियम मोडला जात नाही ना, याची खात्री करून घ्यायला त्यांना साधारण चार गोळे लागतात.